काटोलच्या ट्रॉलीपासून अलास्का हायवेपर्यंत: ट्रेलर घेऊन दोघांनी उत्तरेला जायचं तर

नवतपा लागला त्या आठवड्यात मी काटोलला भावाच्या संत्र्याच्या बगीच्यात ट्रॅक्टर रिव्हर्स घेत होते. सकाळी सहाला, कारण नऊनंतर स्टिअरिंगला हात लावायची सोय नव्हती. मागे दोन चाकांची ट्रॉली, ट्रॉलीमागे बांधावर उभे राहून हातवारे करणारे आमचे हे, आणि झाडाखालून भाऊ ओरडतोय, "ताई, जिकडं जायचं त्याच्या उलट फिरव ना बाप्पा!" अलास्काच्या प्रवासाची आमची खरी तयारी ही एवढीच. बाकी सगळं कागदपत्रं, याद्या आणि पैसे.

मुलगा कॅनडात एडमंटनला असतो. त्याच्याकडे पिकअप आहे आणि २१ फुटी ट्रेलर, म्हणजे आत पलंग, ओटा, फ्रिज, संडास असलेली खोली चाकांवर. त्याला सुट्टी मिळत नव्हती, गाडी दारात उभी होती. मुलांकडे जाऊन सहा महिने नातवंडं आणि पोळ्या सांभाळून परत येणारे माझ्या ओळखीत खूप आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना गाडी चालवता येते आणि एकमेकांशी बोलता येते, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आम्हाला सात आठवडे लागले आणि जवळपास नऊ हजार किलोमीटर झाले. घाई केली असती तर निम्म्या दिवसांत झालं असतं, पण मग जायचं कशाला?

आधी कागद

सुरुवात अमेरिकेच्या व्हिसापासून करा. अलास्का अमेरिकेत, वाटेतला बहुतेक रस्ता कॅनडात. दोन्ही देशांचे व्हिसा लागतात आणि कॅनडाचा अनेक वेळा प्रवेश देणारा असलेला बरा, कारण अलास्कातून परत कॅनडातच यायचं आहे. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख मिळायलाच महिनोन्‌महिने जाऊ शकतात. तिकिटं त्यानंतर काढा.

आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट दोघांनीही काढा. "मी बसते नुसती बाजूला" हा विचार सोडा. वाटेत एकाला ताप आला तर दुसऱ्याला गाडी चालवता आली पाहिजे, कारण तिथं दोनशे किलोमीटरमध्ये मदतीला येणारं कुणी नसतं.

गाडी मुलाच्या नावावर असेल तर तीन गोष्टी लागतात. त्याच्या विमा पॉलिसीत तुमची दोघांची नावं चालक म्हणून घालून घ्या. ट्रेलर ओढताना आणि अमेरिकेत गेल्यावर विमा लागू आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्या. आणि "हे माझे आईवडील, गाडी व ट्रेलर माझ्या परवानगीने नेत आहेत" असं सहीचं पत्र जवळ ठेवा. सीमेवर ते लगेच दाखवता येतं. ट्रेलर भाड्याने घेणार असाल तर कच्च्या रस्त्याची अट करारात आधी शोधा. बऱ्याच करारांत खडीचे रस्ते स्पष्ट वगळलेले असतात.

साठीपुढच्यांनी प्रवास विम्यात बीपी, शुगर जे असेल ते सांगून टाकावं. लपवलं तर गरजेच्या वेळी विमाच अडेल. गोळ्या पूर्ण मुदतीच्या न्या, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या.

खाण्याच्या वस्तूंचं: आम्ही डाळी, बेसन, पॅकबंद सावजी मसाला, सांडगे, कुरड्या नेल्या आणि फॉर्मवर सगळं लिहिलं. ताजी फळं, बिया, मांसाचे आणि दुधाचे पदार्थ यांवर बंधनं असतात आणि ती बदलतही राहतात. म्हणून संत्री घरीच ठेवा, आणि जे न्याल ते जाहीर करा.

ट्रॉलीवर शिका, पण दोन चाकांच्या

ट्रेलर पुढे ओढायला फारसं काही लागत नाही. वळण थोडं मोठं घ्यायचं, ब्रेक लवकर लावायचा, संपलं. घाम फुटतो तो कॅम्पिंगच्या जागेत मागे घेताना. ज्यांच्या माहेरी-सासरी शेती आहे त्यांनी जायच्या आधी चार-पाच सकाळी ट्रॅक्टरवर घालवाव्यात. चार चाकांच्या ट्रॉलीवर मात्र नको. तिचा पुढचा आस स्वतंत्र फिरतो, त्यामुळे ती दोन ठिकाणी मोडते आणि गणितच बदलतं. दोन चाकांची ट्रॉली आणि ट्रेलर एकाच जातीचे.

युक्ती एकच. हात स्टिअरिंगच्या सगळ्यात खालच्या टोकाला धरा, घड्याळात सहा वाजतात तिथं. आता ट्रेलरचं बूड ज्या बाजूला न्यायचं असेल त्या बाजूला हात सरकवा. डोक्यात "उलट, उलट" म्हणत बसावं लागत नाही. हात बोटभर हलवायचा, थांबायचं, ट्रेलर काय करतो ते पाहायचं. ट्रेलर जितका आखूड तितका तो झटकन वाकडा होतो, लांब असेल तर सावकाश ऐकतो. वाकडा झाला की मागे-मागे सुधारत बसू नका. सरळ पुढे या, पुन्हा सुरू करा. पुढे येण्यात कमीपणा नाही, हे ह्यांना पटायला मात्र वाटेतलं वॉटसन लेक गाव उजाडावं लागलं.

आता नवरा-बायकोचा भाग. चालवणारा एक, मागे उभा राहणारा दुसरा, आणि या दहा मिनिटांत तीस वर्षांचा हिशोब निघू शकतो. आमचे नियम लिहून देते:

मागे उभ्या माणसाचा चेहरा आरशात दिसत नसेल तर गाडी थांबलीच पाहिजे. दोन्ही हात वर म्हणजे थांब, दुसरा अर्थ नाही. डावं-उजवं म्हणायचं नाही. कुणाचं डावं? त्यात तिथं स्टिअरिंग डावीकडे असतं, त्यामुळे आपला गोंधळ दुप्पट. आम्ही "झाडाकडं", "नळाकडं", "नदीकडं" असं म्हणायचो. फोनला रेंज असेल तर स्पीकरवर, नसेल तर स्वस्तातले वॉकीटॉकी. आणि शेजारच्या ट्रेलरवाल्यांसमोर आवाज चढवायचा नाही. त्यांना मराठी कळत नसलं तरी सूर कळतो.

मी ट्रॅक्टरवर वाढलेली, म्हणून रिव्हर्स माझ्याकडे आणि हायवे ह्यांच्याकडे अशी वाटणी झाली. ज्याला जे येतं ते त्याने करावं.

वजनाचं गणित

कळमन्याच्या काट्यावर माल तोलतात, तसा ट्रेलर भरल्यावर ट्रकवाल्यांच्या काट्यावर नेऊन तोलायचा. अंदाज चालत नाही.

पिकअप किती ओढू शकते हा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो. तुमच्या कामाचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आहे: गाडीत माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल. ट्रेलरचं नाक गाडीच्या मागच्या हुकावर जे वजन टाकतं तेही यातच मोजायचं. ते एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं. भरलेला ट्रेलर २,५०० किलोचा असेल तर नाकावर २५० ते ३७५ किलो. त्यात आम्ही दोघं १४० किलो, वर पेट्या, जादा टायर, थंडीचे कपडे. स्टिकरचा आकडा बघता बघता संपतो.

नाकावर वजन कमी पडलं, म्हणजे जड सामान मागे भरलं, तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवी हलायला लागतो. तसं झालं तर ब्रेक दाबू नका आणि ॲक्सिलरेटर वाढवूही नका. पाय हलकेच सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि डॅशबोर्डखालच्या ब्रेक कंट्रोलरची पट्टी हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. हे रिकाम्या रस्त्यावर आधी दोन-तीनदा करून पाहा, म्हणजे ऐनवेळी हात पट्टी शोधत बसणार नाही.

जड वस्तू चाकांच्या जरा पुढे, खाली, जमिनीलगत. वरच्या कपाटात चिवडा, पापड, टॉवेल. मी वर बरण्या ठेवल्या होत्या. त्याचं काय झालं ते पुढे येतं.

टायर बघताना ट्रेलरचे टायर वेगळे हे लक्षात ठेवा. बाजूवर "एसटी" असं लिहिलेलं असतं आणि अनेकांची वेगमर्यादा ताशी १०५ किलोमीटरच्या आसपासच असते. बाजूवरच्या चार अंकी शिक्क्यात पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षी नवी दिसली तरी बदला. जादा टायर एक नाही, दोन घ्या.

जोडताना बोलायचं नाही

रोज सकाळी ट्रेलर जोडताना एकाने यादी वाचायची, दुसऱ्याने हात लावून "हो" म्हणायचं. मध्ये चहा, फोन, शेजाऱ्याशी गप्पा, काही नाही. पिकअपच्या मागच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, ट्रेलरच्या नाकाची पकड, म्हणजे कपलर, बसला, खटका लागला, पिन घातली. मग जॅकने ट्रेलरचं नाक पुन्हा थोडं वर उचला. पिकअपचं बूड सोबत उचललं गेलं तरच जोड पक्का. नुसता टेकलेला कपलर डोळ्याला अगदी बसल्यासारखा दिसतो, म्हणून ही चाचणी रोज. सेफ्टी चेन खालून एकमेकींवर फुली मारून लावायच्या, म्हणजे नाक सुटलं तरी झोळीत पडेल. सुटल्यावर आपोआप ब्रेक लावणारी बारीक तार चेनला नाही, गाडीला अडकवायची. दिवे, इंडिकेटर, ब्रेकलाइट मागे उभं राहून बघायचे. पायरी आत, छताची खिडकी बंद, गॅस बंद.

पहिल्या ऐंशीएक किलोमीटरनंतर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळा. त्यानंतर प्रत्येक थांब्यावर हाताची उलटी बाजू चाकाच्या मधल्या भागाजवळ न्या. चार चाकांपैकी एकच जास्त तापलं असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक बिघडतोय.

रस्ता

नागपूरकरांना झिरो माईलचं काय कौतुक. चार घोडे, तो खांब, रोज बाजूनेच जातो. तरीही डॉसन क्रीकच्या चौकात "माईल झिरो"चा खांब पाहून आम्ही दोघं खुळ्यासारखे हसलो. अलास्का हायवे इथून सुरू होतो आणि अलास्कात डेल्टा जंक्शनला संपतो, आजच्या मोजणीने सुमारे २,२३० किलोमीटर. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर १९४२ मध्ये अमेरिकन सैन्याने आठेक महिन्यांत तो कापला. सामान्य लोकांना तो १९४८ मध्ये खुला झाला. आज जवळपास सगळा डांबरी आहे.

एक सावधगिरी: डॉसन क्रीक आणि डॉसन सिटी वेगळी. पहिलं ब्रिटिश कोलंबियात, दुसरं युकॉनमध्ये, मध्ये दोन हजारांच्या आसपास किलोमीटर. नकाशात टाकताना पूर्ण नाव टाका.

समृद्धीवर नागपूरहून सकाळी निघून संध्याकाळी मुंबईकडे पोचायची सवय झाली असेल तर ती इथं उतरवून ठेवा. दिवसाला ३०० किलोमीटर पुरे. आमचे टप्पे असे पडले: एडमंटन ते डॉसन क्रीक ५९० किलोमीटर दोन दिवसांत, तिथून फोर्ट नेल्सन ४५० किलोमीटर दोन दिवसांत, मग लिआर्ड ३१० एका दिवसात. वॉटसन लेकपर्यंत अजून २१५, आणि व्हाइटहॉर्स त्यापुढे साडेचारशे. दर चौथ्या दिवशी गाडी हलवायची नाही.

फोर्ट सेंट जॉनच्या आधी टेलरला पीस नदीकडे उतरणारा मोठा उतार ही पहिली परीक्षा. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका. उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला तर तापून निकामी होतो. मध्ये मध्ये ठाम दाबा आणि सोडा. फोर्ट नेल्सनपुढे डोंगर लागतात. समिट लेकजवळ १,२९५ मीटरवर हायवेचं सर्वात उंच ठिकाण आहे. मंचो लेकच्या आसपास जंगली मेंढ्या रस्त्यावर येऊन क्षार चाटतात, लिआर्डच्या बाजूला रानगवे, म्हणजे तिथले बायसन, कडेला निवांत बसलेले असतात. हॉर्न वाजवून ते उठत नाहीत. आपल्याकडच्या गायींसारखंच, थांबायचं.

लिआर्डला गरम पाण्याचे झरे आहेत, जंगलातून लाकडी पुलावरून चालत जायचं. एक दिवस नाही, दोन दिवस ठेवा. कमरेला बरं वाटतं.

वॉटसन लेकला १९४२ मध्ये घरची आठवण आलेल्या एका सैनिकाने आपल्या गावाच्या नावाची पाटी ठोकली. आज तिथं पाट्यांचं रान झालंय. सीताबर्डीवरच्या पेंटरकडून आम्ही "नागपूर"ची पाटी रंगवून नेली होती. खिळे आणि हातोडी सोबत ठेवा.

डिझेल-पेट्रोलचा नियम: टाकी अर्धी झाली की भरायची, भाव कितीही असो. ट्रेलरमुळे खप दीडपट ते दुप्पट होतो, आणि पुढचा पंप बंद असू शकतो. नळीच्या रंगावर जाऊ नका. तिथं हिरवी नळी बहुधा डिझेलची असते. लिहिलेलं वाचा. अलास्कात मोजणी गॅलनमध्ये, एक गॅलन म्हणजे ३.७८ लिटर.

व्हाइटहॉर्सला तीन दिवस थांबा. किराणा, दवाखाना, ऑइल, टायर सगळं तिथं उरकून घ्या. मोबाइलची रेंज गावाबाहेर पडताच जाते, म्हणून नकाशे आधी डाउनलोड करा आणि सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र घ्या. रोज रात्री "पोचलो" एवढाच निरोप मुलाला जायचा.

क्लुआनी तलावाच्या पुढे, डिस्ट्रक्शन बेपासून सीमेपर्यंत, रस्ता लाटांसारखा होतो. खाली बारमाही गोठलेली जमीन आहे. रस्त्याच्या उष्णतेने त्यातला बर्फ वितळतो, कुठे जमीन खचते, कुठे फुगते. दुरून डांबर सपाट वाटतं. कडेला छोटी निशाणं दिसली की वेग ५० वर आणा. आम्ही ७० वर होतो. गाडी हलकीच उसळली, ट्रेलर जोरात. बीव्हर क्रीकला दार उघडलं तर वरच्या कपाटाचा खटका सुटलेला, हळदीची बरणी फुटलेली, आणि पलंगावरची पांढरी चादर, उशा, ह्यांचा स्वेटर असं सगळं हळदी समारंभ आटोपल्यासारखं. बरण्या प्लास्टिकच्या घ्या, खाली ठेवा, आणि कपाटांना जादा पट्टी बांधा.

ट्रेलर कुठे सोडायचा

व्हाइटहॉर्सहून क्लोंडाइक हायवेने डॉसन सिटी सुमारे ५३० किलोमीटर. १८९६ मध्ये इथल्या बोनान्झा ओढ्यात सोनं सापडलं होतं. इथं ट्रेलर कॅम्पग्राउंडवर ठेवा आणि डेम्प्स्टर हायवेवर फक्त पिकअप घेऊन जा. नेतात काही जण ट्रेलर. आम्ही टायर फाटलेले दोन रस्त्याकडेला उभे पाहिले.

डेम्प्स्टर १९७९ मध्ये सुरू झाला. इनुविकपर्यंत ७४० किलोमीटरच्या आसपास, आणि २०१७ पासून पुढे टुक्टोयाक्टुकपर्यंत, म्हणजे थेट आर्क्टिक महासागरापर्यंत रस्ता आहे. बहुतेक सगळा खडीचा, आणि खडी टोकदार. ईगल प्लेन्सपर्यंत सुमारे ३७० किलोमीटर एकही पंप नाही. त्यापुढे ३५ किलोमीटरवर आर्क्टिक सर्कल. पील आणि मॅकेन्झी या दोन नद्या उन्हाळ्यात तराफ्याने ओलांडायच्या. धुळीसाठी रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात. पावसात त्याचा चिखल गाडीला चिकटतो आणि वाळला की सिमेंट. परत आल्या आल्या खालून गाडी धुवून काढा. समोरून ट्रक आला की वेग कमी करून कडेला व्हा, नाहीतर काचेवर दगड बसतो. आम्हाला बसलाच.

डॉसनहून अलास्काला डोंगरमाथ्यावरून जाणारा जवळचा रस्ता आहे, तो फक्त उन्हाळ्यात आणि दिवसाच खुला असतो. देखावा सुंदर, पण ट्रेलरसह आम्ही तो टाळला आणि व्हाइटहॉर्सला परत येऊन हायवेनेच फेअरबँक्सला गेलो. साडेआठशे किलोमीटर जास्त पडले असतील. त्याचं दुःख नाही.

ट्रेलरमधला संसार

पाणी सांभाळणं आपल्याला जमेल असं वाटतं, कारण आपण टँकरचे दिवस पाहिलेत. अडचण वेगळीच आहे. संडासाची टाकी लहान असते आणि आपली तांब्याची सवय ती भराभर भरते. लहान मग ठेवा आणि दोन मग हा नियम करा. त्या टाकीचा वॉल्व्ह सतत उघडा ठेवू नका. पाणी वाहून जातं आणि घट्ट ते मागे राहतं. दोन-तृतीयांश भरली की डम्प स्टेशनवर, म्हणजे टाक्या ओतायच्या ठरलेल्या जागी, आधी ही टाकी रिकामी करायची, मग आंघोळ-भांड्याच्या पाण्याची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. हातमोजे घाला. हे काम आम्ही आळीपाळीने केलं, यात सूट कुणालाच नाही.

फोडणी आत दिली की धुराचा अलार्म बोंबलतो. पहिल्या दिवशी मोहरी तडतडली आणि शेजारचे तीन जण पाणी घेऊन धावले. फोडणी, सावजी रस्सा, तळण बाहेरच्या शेगडीवर. अलार्मची बॅटरी मात्र काढू नका, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर अजिबात नाही. बाहेर शिजवलं की भांडी, तेल, कचरा, साबणसुद्धा लगेच आत. अस्वलं वासावर येतात. अस्वलासाठीचा फवारा तिथंच विकत घ्या, विमानात नेता येत नाही. तो वापरायचा अस्वल जवळ आल्यावर, अंगाला लावायला नाही. हसू नका, डासांच्या मलमासारखं समजणारे भेटले.

डास मात्र खरेच. तोंडावरून घ्यायची जाळीची टोपी आणा. रात्री अकराला ऊन असतं, म्हणून खिडक्यांना आतून ॲल्युमिनियम फॉइल लावा. जूनच्या मध्यापासून ऑगस्ट अखेरपर्यंतचा काळ बरा. सप्टेंबरात रात्री पारा शून्याखाली जाऊ लागतो आणि ट्रेलरच्या नळ्या गोठतात. उन्हाळ्यात रस्त्याची कामं सुरू असतात. झेंडी घेतलेला माणूस थांबवेल तिथं इंजिन बंद करून चहा टाका. आम्ही एकदा पन्नास मिनिटं थांबलो, मागच्या गाडीतल्या जोडप्याला चहा दिला, त्यांनी सामन मासा दिला.

परत देताना

दोन्ही टाक्या रिकाम्या आणि धुतलेल्या. ताज्या पाण्याची टाकीही काढून टाका. गॅसच्या टाक्या बंद. चाकांमागचा, आसाखालचा चिखल प्रेशरने धुवा. फ्रिज पुसून दार थोडं उघडं ठेवा, नाहीतर महिन्याभरात बुरशी. फुटलेल्या काचेचा, झिजलेल्या टायरचा हिशोब मुलाला विचारायच्या आधीच सांगा. गादीचं कव्हर आम्ही नवीन घेऊन दिलं. हळद गेली नाही.